आधी ओळख, मग औषध



शेतीची चर्चा निघाली की ती बहुधा पाऊस, बाजारभाव, कर्ज आणि खते या चार विषयांभोवती फिरत राहते. ते स्वाभाविकही आहे. परंतु पेरणी वेळेवर झाली, पाऊस मनासारखा पडला, पीक कमरेएवढे उभे राहिले आणि आठवड्याभरात पानोपान ठिपके पडून सारे शेत होरपळल्यासारखे दिसू लागले, असा प्रसंग ज्या शेतकऱ्यावर आला असेल त्याला एक पाचवा विषयही ठाऊक असतो. तो विषय म्हणजे पिकांचे रोग.

मराठी शेतकऱ्याने या रोगांना स्वतःच्या नजरेने नावे दिली आहेत. पानावर तांबूस भुकटी दिसली की तो तांबेरा. कणसात दाण्याऐवजी काळी पूड भरली की ती काणी. पीठ भुरभुरल्यासारखे पान पांढरे पडले की भुरी, पान भाजल्यासारखे दिसले की करपा, उभे झाड पाहता पाहता सुकले की मर. ही नावे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाची शिदोरी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायातही पाने पिवळी पडणे, पालवीची वाढ खुंटणे, फांद्या वाळणे आणि झाडातून रस पाझरणे ही लक्षणे नोंदलेली आहेत. आपल्या पूर्वजांची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही.

तथापि, लक्षणाचे नाव वेगळे आणि ते घडविणाऱ्याचे नाव वेगळे. ताप हे लक्षण आहे; तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे कळल्याखेरीज वैद्य औषध देत नाही. शेतात मात्र हा विवेक अनेकदा पाळला जात नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार घडतो. खरा कर्ता शोधून काढण्याचे काम वनस्पती रोगशास्त्र नावाची विद्याशाखा करते आणि तिचा मोठा भार आपल्या कृषी विद्यापीठांतून व महाविद्यालयांतून पदव्युत्तर संशोधन करणारे तरुण वाहतात. समाजाला त्यांच्या कामाची फारशी कल्पना नसते. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘बुरशीवर प्रबंध लिहितो’ असे उत्तर मिळाले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटणारे स्मित पुरेसे बोलके असते. त्या कामाचे मोल ध्यानात यावे, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

लक्षण एक, कर्ते अनेक

बुरशी हा रोगाचा परिणाम नसून रोगाचे कारण असते, ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही साधी वाटेल. युरोपातील विद्वानांना ती मान्य व्हायला मात्र फार मोठी किंमत मोजावी लागली. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करप्याने कुजू लागले. दुष्ट हवा, दमट भूमी, फार काय, आगगाडीच्या धुरापर्यंत सगळ्यांवर दोष ठेवण्यात आला. माइल्स बर्कले या धर्मोपदेशकाने १८४६ साली हे कृत्य एका बुरशीचे आहे असे सांगितले, तेव्हा ते सहजासहजी कोणी मानले नाही. जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बारी याने १८६१ साली प्रयोगाने ते सिद्ध केले. तोवर सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी दगावली होती आणि तितकीच देशोधडीला लागली होती. परकीय सत्तेची धोरणे त्या संहाराला जबाबदार होतीच; पण रोगाचे कारण न कळल्यामुळे शेतकऱ्याच्या हाती कोणताच उपाय उरला नव्हता, हेही तितकेच खरे.

डी बारीच्या काळापासून पडलेला शिरस्ता आजही प्रत्येक संशोधक विद्यार्थी पाळतो. रोगट झाडाचा तुकडा आणावयाचा, तो निर्जंतुक करून पोषक माध्यमावर ठेवावयाचा, त्यातून उगवलेली बुरशी इतरांपासून वेगळी काढून शुद्ध स्वरूपात वाढवावयाची. मग ती निरोगी झाडावर सोडावयाची. त्या झाडावर तीच लक्षणे उमटली आणि त्यातून पुन्हा तीच बुरशी हाती आली, तरच तिच्यावरील आरोप सिद्ध झाला. न्यायालयात जसा केवळ संशयावरून कोणी दोषी ठरत नाही, तसाच हा न्याय आहे. यात महिने जातात. एखाद्या बशीत भलतीच बुरशी शिरली की पुन्हा आरंभापासून सुरुवात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्या ज्वारीने दिले आहे. शेतकरी जिला काणी म्हणतो, ती एक नसून चार प्रकारची आहे: दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी आणि झिपरी काणी. चारही वेगवेगळ्या बुरशींमुळे होतात. दाणे काणीचे बीजाणू बियाण्याच्या अंगावर बसून शेतात येतात. म्हणून पेरण्यापूर्वी किलोभर बियाण्यास चार ग्रॅम बारीक गंधक चोळले की तिचा बंदोबस्त होतो. मोकळ्या काणीवरही बीजप्रक्रियेचा उपयोग होतो. झिपरी काणी मात्र मुख्यतः मातीतून येते आणि लांब काणीचे बीजाणू वाऱ्यावरून थेट फुलोऱ्यात उतरतात. तेथे बियाण्याला चोळलेले गंधक काय करणार? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जी. एस. कुलकर्णी यांनी मुंबई प्रांतात ज्वारीच्या काणीचा असा भेद करून अभ्यास केला. पैशा-दोन पैशांच्या गंधकाने कोरडवाहू शेतकऱ्याच्या ज्वारीला अभय मिळाले, ते त्या अभ्यासामुळे.

द्राक्षबागायतदाराला हीच गोष्ट अधिक महागात पडते. नाशिक-सांगलीकडील बागेत केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग येतात. दोन्हींत पानावर पांढरट थर दिसतो. केवड्यात तो पानाच्या खालच्या बाजूस आणि वर तेलकट डाग, भुरीत तो दोन्ही बाजूंस पीठ शिंपडल्यासारखा. भुरी ही खरी बुरशी. गंधकाने ती आटोक्यात येते. केवड्याचा कारक बुरशीसारखा दिसतो, पण कुळाने तो शेवाळांच्या जवळचा आहे. त्याच्यावर गंधकाची मात्रा चालत नाही आणि खास केवड्यासाठी बनविलेली मेटॅलॅक्झिलसारखी औषधे भुरीला हात लावत नाहीत. हा भेद ज्याला कळत नाही, तो फवारणीवर दुप्पट खर्च करतो आणि बाग मात्र गमावतो.

डाळिंबाचा ‘तेल्या’ हे तर याहून कटू उदाहरण. या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापूर-नाशिककडील कित्येक बागा त्याने उद्ध्वस्त केल्या; काही शेतकऱ्यांनी उभी झाडे तोडून टाकली. हा रोग बुरशीचा नव्हे, तर जीवाणूचा आहे. भारतात तो १९५२ साली दिल्लीत प्रथम नोंदला गेला होता. नोंद होती, परंतु ती बागेपर्यंत पोहोचली नव्हती. निव्वळ बुरशीवर चालणारी औषधे जीवाणूवर फवारून काय साधणार? डाळिंबात ‘मर’ही येते; ती बहुधा मुळातून शिरणाऱ्या बुरशीमुळे. म्हणजे एकाच बागेत दोन रोग, दोन कारक आणि दोन वेगळे उपाय. ओळखीवाचून केलेली फवारणी हा निव्वळ जुगार होय.

तांबेऱ्याचा माग

परदेशात सिद्ध झालेला उपाय आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतोच असे नाही, याचा एक उत्तम धडा गव्हाच्या तांबेऱ्याने दिला आहे. युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याची बुरशी आयुष्याचा काही काळ दारुहळदीच्या जातीच्या काटेरी झुडपांवर काढते, हे कळल्यावर अमेरिकेने १९१८ पासून ती झुडपे खणून काढण्याची मोठी मोहीम राबविली. भारतातही हिमालयात दारुहळद आहे. तेव्हा येथेही तीच मोहीम काढावी, असे वाटणे सोपे होते.

आग्रा महाविद्यालयातील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी मात्र ग्रंथांवर विसंबण्याऐवजी आपल्या भूमीलाच प्रश्न विचारला. केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने वर्षानुवर्षे पंजाब-संयुक्त प्रांताची मैदाने आणि हिमालयाच्या रांगा पालथ्या घातल्या. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. आपल्या मैदानांतील उन्हाळा इतका कडक असतो की तांबेऱ्याचे बीजाणू त्यात तग धरू शकत नाहीत. दारुहळदीची त्यात येथे काही भूमिका नाही. थंड डोंगराळ भागांत मागेपुढे पेरलेल्या व आपोआप उगवलेल्या गव्हावर ही बुरशी उन्हाळा काढते आणि हिवाळ्यात वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरते. झुडपे खणण्याचा खर्च देशाने केला असता, तर तो सारा वाया गेला असता.

१९४६–४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भीषण साथ आली आणि लक्षावधी टन गहू नष्ट झाला. तो महाराष्ट्राच्या शेजारी, विदर्भाच्या अंगणात घडलेला प्रसंग होता. हिमालय येथून दूर. मग हा तांबेरा आला कोठून? १९७० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एस. नागराजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाचे नकाशे आणि पावसाच्या पाण्याचे नमुने समोर ठेवून याचा माग काढला. नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत गहू वर्षभर कोठे ना कोठे उभा असतो. नोव्हेंबरच्या सुमारास दक्षिणेकडे चक्रीवादळ आले की तेथील बीजाणू उंच हवेत उचलले जातात, शेकडो मैल उत्तरेकडे वाहत येतात आणि मध्य भारतात पाऊस पडला की त्याच्या थेंबांबरोबर कोवळ्या गव्हावर उतरतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूचा प्रवासमार्गच या संशोधनाने नकाशावर रेखाटला.

मार्ग कळला म्हणजे नाकेबंदी करता येते. नीलगिरीतील वेलिंग्टन, हिमालयातील शिमला आणि आपले महाबळेश्वर येथील केंद्रांत तांबेऱ्याच्या जाती-पोटजाती ओळखण्याचे व नव्या वाणांची परीक्षा घेण्याचे काम त्यामुळेच चालते. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खाण्यासाठी जाणाऱ्या किती कुटुंबांना हे ठाऊक असते? त्या थंड डोंगरावर गव्हाची रोपे मुद्दाम तांबेऱ्याने बाधित करून कोणता वाण टिकतो हे पाहिले जाते. आपल्या ताटातील पोळी अशा केंद्रांची ऋणी आहे.

पुण्याची परंपरा

या विद्येला महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. प्रा. एस. एल. आजरेकर यांनी १९२६ साली ज्वारीच्या चिकट्या रोगावरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. बी. एन. उप्पल, एम. के. पटेल आणि एम. एन. कामत यांनी १९३५ साली मुंबई प्रांतातील बुरशींची सूची सिद्ध केली. पुढे पटेल यांनी पुण्यात पिकांच्या जीवाणुजन्य रोगांचा पद्धतशीर अभ्यास केला. तेल्याच्या गोत्रातील जीवाणूंशी महाराष्ट्राची शास्त्रीय ओळख त्या पिढीने करून दिली होती. बी. बी. मुंडकूर यांनी १९४७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, भारतीय वनस्पती रोगशास्त्रज्ञांची संस्था उभी केली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू झाले. देश स्वतंत्र होत असताना या मंडळींना चिंता होती ती स्वतंत्र देशाच्या पिकांची.

१९४६ साली शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ती ओळखली जाते. आजरेकरांच्या नावाने तेथे बुरशींच्या वाळविलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तेथेच सांभाळला जातो. जुन्या पाकिटातील एक वाळलेले पान म्हणजे क्षुल्लक वस्तू वाटेल. परंतु उद्या एखादा नवा रोग दिसला, तर तो खरोखर नवा आहे की जुनाच पाहुणा परतला आहे, हे त्या पानाशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ऐतिहासिक दप्तर जपणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

ही विद्या शेताच्या बांधापुरती राहिलेली नाही, हेही नोंदविले पाहिजे. वनस्पतींवरील तांबेरा व काणीच्या बुरशींचे जाणकार एम. जे. तिरुमलाचार हे पुढे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या संशोधन विभागात आले. तेथे त्यांच्या काळात मातीतील सूक्ष्मजीवापासून ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधले गेले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरी’ कायमची कोरली गेली आहे. तेथेच सिद्ध झालेले ‘ऑरिओफंजिन’ पिकांच्या रोगांवर उपयोगी पडले.

शत्रू की मित्र?

आतापर्यंत बुरशीचा उल्लेख शत्रू म्हणून झाला. ते अर्धसत्य आहे. जगातील बुरशींच्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत आणि एकूण जाती वीस लाखांहून अधिक असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पडलेले पान, वाळलेले लाकूड, कापणीनंतरचे धसकट यांची माती करण्याचे काम त्या करतात. त्या नसत्या, तर जंगले आपल्याच पाचोळ्याखाली गाडली गेली असती.

ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बियाण्याला ती चोळली, तर मर घडविणाऱ्या बुरशीवर ती तुटून पडते. शेतकऱ्याची ती राखणदार आहे. तीच हिरवी बुरशी अळंबीच्या पिशवीत शिरली की काही दिवसांत सारे पीक फस्त करते. अळंबी उत्पादकाची ती वैरीण आहे. बुरशी चांगली की वाईट, हा प्रश्नच यामुळे अपुरा ठरतो. कोणती बुरशी, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यासाठी पुन्हा ओळखच हवी.

अळंबीची शेती हे त्या ओळखीचेच फळ आहे. भारतात हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९६० च्या दशकारंभी बटण अळंबीच्या लागवडीचे प्रयोग सुरू झाले. १९८३ साली तेथे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. परंतु बटण अळंबीला थंडी लागते आणि खास कुजविलेले खत लागते. सामान्य शेतकऱ्याच्या छपरात ती कशी यावी? त्याचे उत्तर एका काटेरी झुडपाने दिले. जम्मूच्या पायथ्याच्या टेकड्यांवर, निवडुंगासारख्या दिसणाऱ्या चिकाच्या झुडपावर उगवणारी एक अळंबी सी. एल. जंडाईक यांनी शोधली आणि १९७४ साली तिच्या लागवडीची रीत मांडली. धिंगरी वर्गातील ही अळंबी भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर सहज येते, असे दिसून आले. तेथून ती अनेक देशांत पोहोचली. पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. जे नाव देऊन ती जगभर गेली, ते नाव मुळात दुसऱ्याच अळंबीचे होते. शास्त्राने ती चूक लपविली नाही, दुरुस्त केली.

धिंगरीची रीत घरच्या माणसांना जमण्यासारखी आहे. स्वच्छ कोरड्या काडाचे बोटभर तुकडे करून ते भिजवावेत, गरम पाण्यात ऐंशी अंशांच्या आसपास तासभर ठेवून निथळावेत, थंड झाल्यावर थरांमध्ये अळंबीचे बी पेरून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरावेत आणि पिशवीला छिद्रे पाडावीत. हे बी म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या निर्जंतुक दाण्यांवर वाढविलेली शुद्ध बुरशी. पंधरा-वीस दिवसांत काड पांढरे शुभ्र होते. मग पिशवी काढून, खोलीत ओलावा व खेळती हवा राखली की छत्रे फुटतात. किलोभर कोरड्या काडावर दोन-तीन बहरांत मिळून अर्धा ते पाऊण किलो ताजी अळंबी मिळू शकते आणि उरलेल्या काडाचे खत होते. जो पेंढा पेटवून दिला जातो, त्यातून ताटात प्रथिने येतात. पुण्याचे कृषी महाविद्यालय अखिल भारतीय अळंबी संशोधन प्रकल्पाचे एक केंद्र असून तेथे प्रशिक्षणही मिळते.

मात्र यात भाबडेपणा नको. ताजी अळंबी दोन-तीन दिवसांवर टिकत नाही. म्हणून आधी गिऱ्हाईक शोधावे आणि मग पिशव्या भराव्यात. ‘बी आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्ही उचलू’ अशी आश्वासने देणारे गावोगाव भेटतात. त्यांच्या हाती बचतगटाची पुंजी सोपवण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा. खोलीत छत्रे पक्व झाली की बीजाणूंचा धूर होतो. सतत तो श्वासात गेल्याने खोकला व दम लागतो. म्हणून नाकातोंडावर फडके बांधावे आणि छत्रे वेळेवर तोडावीत. या गोष्टीही कोणीतरी अभ्यासूनच सांगितल्या आहेत.

वारुळाचे देणे

कोकणात आणि गोव्यात श्रावणाच्या सुमारास वारुळांवर उगवणारी अळंबी हा जिव्हाळ्याचा विषय आहे. या अळंबीचे आणि वाळवीचे नाते अद्‌भुत आहे. वाळवी पाचोळा, लाकूड गोळा करून वारुळात तिची मऊ बाग तयार करते, त्यावर बुरशी वाढविते आणि त्या बुरशीने पचविलेले अन्न खाते. पावसाळ्यात त्या बागेतून देठ वर येतो आणि मातीबाहेर छत्र उमलते. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढविता येते, पण वाळवीवाचून तिची छत्रे शेतीसारखी पिकविण्यात माणसाला आजवर यश आलेले नाही. गोमंतकात आणि सिंधुदुर्गात सातेरीच्या रूपाने वारूळ पूजिले जाते. वारुळाला हात न लावण्याची ही श्रद्धा त्या सहजीवनाची राखणही करीत आली आहे. आज हौसेपोटी कोवळ्या कळ्यांसकट वारूळ ओरबाडले जाते, तेव्हा पुढच्या वर्षाचे बीजही आपण उपटीत असतो.

याच संदर्भात एक सावधगिरीची सूचना प्रत्येक घरी पोहोचावयास हवी. रानातील अळंबी विषारी आहे की नाही, हे ओळखण्याच्या घरगुती कसोट्या खोट्या आहेत. चांदीचा चमचा काळा न पडणे, किड्यांनी ती खाल्लेली असणे, लसणाबरोबर शिजवल्यावर रंग न बदलणे, यांपैकी कशावरही विश्वास ठेवू नये. सर्वांत घातक अळंबीचे विष शिजविल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. जाणत्या माणसाने नक्की ओळखलेली नसेल, ती अळंबी घरात आणू नये. शंका आल्यास उरलेल्या अळंबीसह तत्काळ रुग्णालय गाठावे. तो तुकडा डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. येथेही प्राण वाचविते ती ओळखच.

कर्तव्य कोणाचे?

एवढे मोल असलेल्या या विद्येपुढे आज एक संकट उभे आहे. बुरशी डोळ्यांनी ओळखणारे, नमुने गोळा करीत डोंगर हिंडणारे वर्गीकरणाचे जाणकार निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी येण्यास तरुण उत्सुक नाहीत. आता आनुवंशिक रेणूंच्या चाचणीने बुरशी ओळखता येते, हे खरे. परंतु चाचणीचे उत्तर ताडून पाहावयाचे ते जुन्या जाणकारांनी नावे दिलेल्या नमुन्यांशीच. नावे देणारा उरला नाही, तर यंत्र कोणाचे नाव सांगणार? दुसरीकडे, मोठ्या कष्टाने लिहिलेले प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत राहतात आणि शेतकरी सल्ला घेतो तो औषधाच्या दुकानात. दुकानदाराचे पोट औषध खपण्यावर आहे. त्याने ‘या रोगाला औषधच नको’ असे सांगावे, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

म्हणून प्रत्येकाने आपापला वाटा उचलावा. विद्यार्थ्याने प्रबंध पुरा करताना त्याचा दोन पानी सारांश साध्या मराठीत लिहावा आणि ज्या गावातून नमुना उचलला, त्या गावच्या पारावर तो वाचून दाखवावा. ज्या शेतकऱ्याच्या शेतातील रोग अभ्यासून पदवी मिळाली, त्याचे एवढे ऋण फेडणे हे कर्तव्यच आहे. शेतकऱ्याने रोग दिसताच फवारणीच्या पंपाकडे धावण्यापूर्वी नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्र किंवा विद्यापीठ गाठावे. पूर्ण वाळलेले झाड नेऊ नये; रोग नुकताच लागलेले, मुळासकट उपटलेले रोप कागदात गुंडाळून न्यावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, कारण त्यात ते कुजते आणि मूळ कारक हरवतो. पेरणीची तारीख, वाण आणि आधी काय फवारले हे चिठ्ठीवर लिहावे. सुशिक्षित पालकांनी मुलीने किंवा मुलाने बुरशीवर संशोधन करण्याचा बेत सांगितला, तर नाक मुरडू नये. देशाच्या सीमेवर पहारा असतो, तसा पिकांच्या सीमेवरही हवा आणि तो सूक्ष्मदर्शकापाशी बसूनच देता येतो.

नवी साथ येते तेव्हा ती पूर्वसूचना देत नाही. ती आलीच, तर तिला पहिल्या आठवड्यात ओळखणारी दहा माणसे प्रत्येक जिल्ह्यात असावीत. ही माणसे साथ आल्यावर घडविता येत नाहीत. ती आजच्या प्रयोगशाळांतून, आजच्या विद्यार्थ्यांमधून, समाजाने दिलेल्या प्रतिष्ठेवर घडतात.